एक शाफ्ट की दोन? कुर्ल्याच्या कारखान्यातून दिसणारा इंजिनाचा इतिहास

आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी दारातच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे गॅरेजचं काम कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. आमचा प्रबंध कार्यकारणभावावर होता आणि त्यात एकही नट-बोल्ट नव्हता. पण आयुष्य या ठाकूरद्वारात गेलं, चाळीच्या खाली टॅक्सी उभ्या असायच्या, आणि कार्यकारणभावाचे दोन धडे पुस्तकाबाहेर शिकलो ते त्या टॅक्सींच्या बॉनेटखाली. त्यातला एक फार महाग पडला. तो शेवटी सांगतो.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. जाणकारांनी पाच मिनिटं कळ काढावी.

मोटारीच्या इंजिनात सिलिंडर असतो. त्यात पेट्रोल आणि हवा आत यायला एक झडप आणि जळलेला धूर बाहेर जायला दुसरी झडप. मेकॅनिक तिला व्हॉल्व्ह म्हणतो, आपण झडपच म्हणू. हार्मोनियम डोळ्यांसमोर आणा. पट्टी दाबली की आतली झडप उघडते आणि बोट उचललं की स्प्रिंग ती बंद करते. इंजिनात बोटाचं काम कॅम करतो. कॅम म्हणजे दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. दांडा फिरला की उंचवटा झडपेवर येतो, ती दाबतो आणि पुढे जातो. असे उंचवटे ओळीने असलेला दांडा म्हणजे कॅमशाफ्ट.

आता हा दांडा ठेवायचा कुठे? इंजिनाचा सगळा इतिहास या एका प्रश्नात सांगता येतो.

इंजिन ही आपली चाळ समजा. झडपा वरच्या मजल्यावर आहेत. जुन्या पद्धतीत कॅमशाफ्ट तळमजल्यावर राहतो. खालच्या बिऱ्हाडाने काठीने छत ठोकून वरच्याला उठवावं, तसा तो एक लांब सळई वर ढकलतो. ती सळई म्हणजे पुशरॉड. वर रॉकर नावाची एक छोटी ढेकळी असते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. सळईने एक टोक उचललं की दुसरं टोक झडप दाबतं. काम होतं, पण वाटेत माणसं फार. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे ३,००० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडायची आणि ५० वेळा मिटायची. एवढ्या घाईत सळई, ढेकळी आणि झडप यांचं वजन परत आणायला स्प्रिंग कमी पडते. झडप वेळेवर बसत नाही, तरंगत राहते.

उपाय उघड आहे. कॅमशाफ्टलाच वरच्या मजल्यावर बिऱ्हाड द्या. काठी गेली. हा एकेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट, जाहिरातीच्या भाषेत एसओएचसी. एकच दांडा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही ओळींच्या झडपा सांभाळतो. पण झडपांच्या दोन ओळी छपरासारख्या दोन उतारांवर बसवल्या, तर मधल्या दांड्याला दोन्हीकडे हात लांब करावे लागतात, म्हणजे पुन्हा रॉकर आले. मग दोन दांडे ठेवा, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक. हा दुहेरी, म्हणजे डीओएचसी. हलणारं वजन आणखी कमी झालं, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा सोयीने बसल्या आणि ठिणगी पाडणारा प्लग बरोबर मधोमध आला. याची किंमत म्हणजे इंजिनाचं डोकं रुंद झालं, भाग वाढले, साखळी किंवा पट्टा लांब झाला आणि घडणावळ महागली.

यंत्रशास्त्र संपलं. आता इतिहास.

दोन दांड्यांची कल्पना नवी आहे असं अनेकांना वाटतं. ती १९१२ सालची आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये दिएप इथे ग्रां प्रीची शर्यत झाली, दोन दिवसांची, दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतराची. प्यूजोने तिथे एल-७६ नावाची गाडी उतरवली. तिच्या इंजिनात दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या. आराखडा एर्नेस्ट आँरी या स्विस माणसाचा, आणि कल्पना त्याची की गाडी चालवणाऱ्या बुआलो, गू आणि झुक्कारेल्ली यांची, यावर आजही वाद चालतो. प्यूजोचं इंजिन ७.६ लिटरचं. समोर फियाटची गाडी, तिचं इंजिन १४.१ लिटरचं, जवळपास दुप्पट. शर्यत जॉर्ज बुआलोने प्यूजोवर जिंकली, फियाट दुसरी आली. पुढच्या वर्षी ज्यूल गू प्यूजो घेऊन अमेरिकेत गेला आणि इंडियानापोलिसची शर्यत जिंकून आला. मोठं पोट असण्यापेक्षा श्वास मोकळा असणं महत्त्वाचं, हे त्या दोन वर्षांत जगाला कळलं.

आता कळलेली गोष्ट आणि आपल्या दारात आलेली गोष्ट यांच्यात किती अंतर असतं ते बघा. त्यासाठी फार लांब जायचं नाही, कुर्ल्याला जायचं.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. त्यांच्या इंजिनात झडपा डोक्यावर नव्हत्याच, त्या सिलिंडरच्या बगलेला, ब्लॉकमध्येच असत. म्हणजे आपल्या चाळीच्या भाषेत झडपाही तळमजल्यावर. मग पन्नाशीच्या दशकात फियाट आली. ११०० चं रूप बदलत बदलत १९६४ मध्ये डिलाइट झालं, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, पत्रा बदलला, इंजिन मात्र १,०८९ सीसीचं पुशरॉडचंच राहिलं. त्याचा मूळ पुरुष १९३७ सालचा.

गंमत अशी की त्याच फियाटकडे १९६६ मध्ये आउरेलिओ लाम्प्रेदी या अभियंत्याने दुहेरी कॅमशाफ्टचं एक गाजलेलं इंजिन तयार केलं. दोन दांडे फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा वापरला आणि शर्यतीच्या मैदानातली चीज मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आणली. ते १२४ स्पोर्ट या मॉडेलमध्ये आलं. १२४ च्या साध्या मॉडेलचा सांगाडा पुढे आपल्याकडेही आला, १९८५ मध्ये, प्रीमियर ११८ एनई या नावाने. पण त्यात बसवलं होतं निस्सानचं इंजिन, आणि तेसुद्धा पुशरॉडचंच! म्हणजे तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन न घेताच परत आल्यासारखं झालं.

असं का झालं? सोपं उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओठावर आहे: परवाना-राज. ते खोटं नाही. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवी, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं राही. रांग असताना दुकानदार माल कशाला बदलेल? पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धसत्य होईल. दुसरं अर्धं आमच्या चाळीतल्या टॅक्सीवाल्या काकांकडे होतं.

काका मूळचे संगमेश्वराकडचे. रविवारी सकाळी वाडीच्या तोंडाशी बॉनेट उघडून बसायचे. हातात फिलर गेज, म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. झडप आणि रॉकर यांच्या मधल्या फटीत पातं घालायचं, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. आठ झडपा, तासाभराचं काम. त्याला टॅपेट सेटिंग म्हणत. पातं त्यांना नावापुरतंच लागे. गाडी चालू करून कान लावायचे आणि सांगायचे, तिसरा टॅपेट वाजतोय. हे इंजिन ठाकूरद्वारच्या नाक्यावर खोलता येत होतं. सुटा भाग चालत जाऊन ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणता येत होता. ज्या गावात गाडी एकदा घेतली की ती बापानंतर मुलाने चालवायची, तिथे हा गुण लहान नव्हता. शिवाय नाक्यापासून चर्चगेटपर्यंत जाताना मिनिटाला ६,००० फेऱ्यांची वेळ येतेच कुठे? ज्या रोगावर दुसरा दांडा औषध आहे, तो रोग गिरगावच्या रस्त्यावर होतच नव्हता.

म्हणून "पुशरॉड मागासलेला" आणि "दुहेरी पुढारलेला" अशी सरळ शिडी आम्हाला मान्य नाही. कशासाठी चांगलं, हे विचारल्याशिवाय चांगलं हा शब्द पुराच होत नाही. पण लगेच दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आम्ही जुन्याचे भाट ठरू. ते इंजिन आपल्याला सोयीचं होतं हे खरं, पण आपण ते सोयीचं म्हणून निवडलं नव्हतं. निवडायला दुसरं नव्हतंच. ज्याला पर्याय नाही त्याने आपल्या स्थितीला आवड म्हणू नये. पुढे पर्याय आले, तेव्हा लोक किती वेगाने पळाले ते आठवा.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि एक ओव्हरहेड कॅमशाफ्ट. सामान्य भारतीय घरात वरच्या मजल्यावरचा कॅमशाफ्ट आला तो या गाडीबरोबर. नव्वदीत दारं उघडली आणि जाहिरातींत सिक्स्टीन व्हॉल्व्ह, ट्विन कॅम असे शब्द येऊ लागले. मागच्या काचेवर ते स्टिकर अभिमानाने लावले जात.

इथे आमचा व्यवसाय आडवा येतो. स्टिकर कारण आहे की नुसती हजेरी? आपल्या न्यायशास्त्रात एक मजेदार गाढव आहे. घट तयार होण्यापूर्वी कुंभाराचं गाढव माती घेऊन आलं होतं. मग गाढव घटाचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. ते आधी हजर होतं खरं, पण त्याच्याशिवायही घट झाला असता. याला त्यांनी अन्यथासिद्ध असं नाव दिलं. दुसरा दांडा हे कारण आहे की गाढव, ते तपासू.

२००१ मध्ये कुर्ल्याच्याच कारखान्यातून फियाट पालिओ निघाली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. ही गाडी दोन इंजिनांत मिळे. १.२ लिटरचं एकेरी दांड्याचं, सुमारे ७३ अश्वशक्तीचं. आणि १.६ लिटरचं दुहेरी दांड्याचं, सोळा झडपांचं, सुमारे १०० अश्वशक्तीचं. गिऱ्हाईक म्हणे, बघा, ट्विन कॅममुळे सत्तावीस घोडे जास्त. थांबा. इंजिनच मोठं आहे. लिटरमागे हिशेब करा. एकेरीत लिटरमागे जेमतेम ५९ आणि दुहेरीत ६३ च्या आत. फरक आहे, पण स्टिकरच्या मानाने किरकोळ. आता तिसरं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये आलेली होंडा सिटी, १.५ लिटरची. एकच कॅमशाफ्ट, पण रॉकरच्या मदतीने सोळा झडपा हलवणारा, आणि अश्वशक्ती १००. लिटरमागे ६७. म्हणजे एका दांड्याने दोन दांड्यांना मागे टाकलं! सोळा झडपा म्हणजे दोन दांडे असलेच पाहिजेत, हा समजही तिथेच गळून पडतो. ब्रिटनमध्ये ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंटने १९७३ मध्येच एका दांड्यावर सोळा झडपा चालवून दाखवल्या होत्या.

मग पद्मिनीचं काय? लिटरमागे ३७ च्या आसपास. तिच्यात आणि या गाड्यांत फरक प्रचंड आहे. पण तोही केवळ दांड्याच्या जागेमुळे नव्हे. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, दाब वाढला, झडपा वाढल्या. तुलना करताना एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे अन्वय-व्यतिरेकाचं साधं पथ्य शोरूममध्ये कोणी पाळत नाही. तेव्हा निकाल असा: दुसरा दांडा अगदीच गाढव नाही, पण एकटा कुंभारही नाही.

तरीही आज बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत दोन दांडे असतात. का? आपण तर म्हणालो की गिरगावात त्यांची गरज नव्हती. इथे इतिहासाची खरी गंमत आहे. वॅगन आर बघा. १९९९ मध्ये ती आली तेव्हा चार सिलिंडर, सोळा झडपा आणि एक दांडा. २०१० मध्ये नवं इंजिन आलं. तीन सिलिंडर, बारा झडपा आणि दांडे मात्र दोन. सिलिंडर घटले, झडपा घटल्या आणि दांडा वाढला! त्याच वर्षी १ एप्रिलपासून मुंबईसह तेरा शहरांत भारत स्टेज ४ चे धुराचे निकष लागू झाले. प्लग मधोमध असला की ज्वाळा सगळीकडे सारखी पोचते आणि इंधन नीट जळतं. दांडे वेगळे असले की आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ स्वतंत्रपणे पुढेमागे करता येते. वेगासाठी जन्मलेली रचना स्वच्छ हवेसाठी आणि पेट्रोल वाचवण्यासाठी टिकली. नीत्शेने एक मुद्दा मांडला होता, की एखादी प्रथा का सुरू झाली आणि आज ती कशासाठी उपयोगी पडते, या दोन गोष्टींची गल्लत करू नये. तो शिक्षेच्या प्रथेबद्दल बोलत होता, पण कॅमशाफ्टलाही ते चपखल बसतं.

तेव्हा ठाकूरद्वारच्या नाक्यावरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आपण तिन्ही पिढ्या पाहिल्या. पद्मिनी तळमजल्यावरच्या दांड्याची. मग ओम्नी आणि सँट्रो, एकेरी ओव्हरहेडच्या. आणि आता वॅगन आर, दुहेरी. १९१२ मध्ये दिएपला जे जिंकलं, ते आज सिग्नलला सीएनजीवर उभं असतं आणि मीटर पाडून भायखळ्याला येतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. १९३७ चा आराखडा, मुंबईच्या रस्त्यावर २०२३ पर्यंत.

आता तो महाग धडा. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. एकेरी ओव्हरहेड कॅमशाफ्ट, रबरी टायमिंग पट्ट्यावर चालणारा. दांडा वरच्या मजल्यावर नेला की त्याला खालून फिरवणारा पट्टाही लांब होतो. तो तुटला की पिस्टन वर येतो, झडप उघडी राहिलेली असते, आणि दोघांची टक्कर होते. पुशरॉडच्या इंजिनात साखळी आखूड असते, तिथे ही धास्ती कमी. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला पट्टा बदला, असं काकांनी दोनदा बजावलं. आम्ही हसून म्हणालो, "काका, आवाज नाही, धूर नाही. चांगली चाललीय."

वर्गात ह्यूम शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं होतं. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेलच याला तर्काचा आधार नाही, हे आम्ही मुलांना दरवर्षी सांगत होतो. आणि आमचा स्वतःचा युक्तिवाद काय, तर आजवर तुटला नाही म्हणून उद्याही तुटणार नाही.

आईच्या दहाव्याला नाशिकला निघालो होतो. कसारा घाटात पट्टा तुटला. आवाज असा काही झालाच नाही, इंजिन नुसतं शांत झालं. काका शेजारीच बसले होते. त्यांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, मिटलं. एक शब्द बोलले नाहीत. ट्रकमधून आम्ही गंगेवर पोचलो तेव्हा दुपार टळली होती, भाऊ एकटाच घाटावर बसला होता आणि विधी उरकला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही ह्यूम शिकवला, पण त्या प्रकरणाशी आलो की घसा कोरडा पडायचा.

काकांची टॅक्सी पुढे मुलाने चालवली. वयोमर्यादेच्या नियमात पद्मिनी गेली, वॅगन आर आली. पहिल्या रविवारी काका सवयीने जुडगा घेऊन खाली उतरले. मुलगा म्हणाला, "बाबा, हिला काही करावं लागत नाही. काही झालंच तर वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावतात." काका तिथेच पायरीवर बसले. मुलगा खरं बोलत होता. नवं इंजिन जास्त चांगलं होतं, धूर कमी, खर्च कमी, रविवार मोकळा. त्या सुधारणेत आम्हाला खोट काढता येत नाही. पण एका माणसाच्या कानात चाळीस वर्षांत जे साठलं होतं, त्याला गिऱ्हाईक उरलं नाही, हेही तेवढंच खरं. यंत्राच्या इतिहासात दांडे मोजतात, असे कान कोणी मोजत नाही.

काका आता नाहीत. तो पात्यांचा जुडगा त्यांच्या मुलाने आम्हाला दिला, तो आज सोबत आणलाय. व्याख्यानानंतर पुढे या आणि हातात घेऊन बघा. सगळ्यात पातळ पातं जपून धरा, ते वाकतं. आणि ज्यांच्या गाडीला टायमिंग पट्टा आहे, त्यांनी घरी गेल्यावर आधी पुस्तिका उघडावी, बाकीचं तत्त्वज्ञान मग.